नाकाचा भरवसा

वडिलांच्या टिफिनच्या पिशवीत कायम गंधकाच्या दोन-तीन काड्या असायच्या. ते बडोद्यात छाणीच्या बाजूच्या एका कारखान्यात फिटर होते. अमोनियाची लाइन कुठे गळतेय हे शोधायला काडी पेटवून जोडाजवळ फिरवायची. गळतीपाशी पांढरा धूर उठायचा. आज कुणी असं पेटतं काही हातात घेऊन प्लांटमध्ये निघाला तर सिक्युरिटी गेटवरच अडवेल. पण त्या पिढीचा गॅस डिटेक्टर तोच होता. तो आणि नाक.

बडोद्यात रसायनांचा धंदा तसा जुना. अलेम्बिक ही कंपनी १९०७ची. पण शहराच्या उत्तरेला आज दिसणारा कारखान्यांच्या चिमण्यांचा पसारा साठच्या दशकातला आहे. १९६२मध्ये खतांची जीएसएफसी स्थापन झाली, १९६५मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, १९६९ला पेट्रोरसायनांची आयपीसीएल आली. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतली मुलं तेव्हा सरकारी कचेऱ्या सोडून शिफ्टला जाऊ लागली आणि 'एलईएल' (हवेत गॅस पेट घेऊ शकेल असं त्याचं किमान प्रमाण), 'परमिट' (धोक्याच्या कामाआधीचा लेखी परवाना) हे शब्द जेवणाच्या पाटावर आले.

विषारी हवा ओळखायची धडपड अर्थात त्याहून फार जुनी. गाळ काढायला विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची आपल्याकडची रीत आहेच. कंदील विझला तर उतरायचं नाही. इंग्लंडात १८१२मध्ये फेलिंगच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ जण गेले, तेव्हा हम्फ्री डेव्हीने जाळीचा दिवा केला, १८१५ साली. त्याची ज्योत लांबून निळसर झाली की मिथेन, मंदावली की प्राणवायू कमी. पण कार्बन मोनॉक्साइड दिव्याला कळत नाही. त्यासाठी हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी सुचवला. तो माणसाच्या आधी कोसळतो. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६मध्ये हटले. म्हणजे वडील निवृत्तीला आले तरी तिकडे पक्षी ड्यूटीवर होते!

नाकाची खरी फजिती हायड्रोजन सल्फाइड करतो. सडक्या अंड्याचा वास अगदी नगण्य प्रमाणातही येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत हा गॅस शंभराच्या आसपास गेला की थोड्याच वेळात नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणूस पुढे जातो.

ज्वलनशील गॅस मोजायचं विजेचं यंत्र आलं १९२६-२७च्या सुमारास, कॅलिफोर्नियात. तेलाच्या टाक्यांमधले स्फोट टाळायला ऑलिव्हर जॉन्सनने ते बनवलं: तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेवर गॅस जळतो, तार आणखी तापते, तिचा रोध वाढतो आणि काटा हलतो. पुढचे मणीवाले सेन्सर, म्हणजे तारेवर छोटा मणी बसवलेले, याच तत्त्वावर चालतात.

यंत्रं होती, तरी सक्ती नव्हती. १९४८च्या कारखाने कायद्यात बंद टाकीत उतरण्याबद्दल ३६वं कलम होतं. ते किती पाळलं जायचं, हे जुन्या लोकांना विचारा. सूत्रं हलली भोपाळनंतर. २-३ डिसेंबर १९८४च्या रात्री तिथल्या कामगारांना गळती कळली ती डोळे चुरचुरायला लागले म्हणून. १९८७च्या दुरुस्तीने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण आलं, हवेतल्या रसायनांच्या मर्यादा आल्या: हायड्रोजन सल्फाइडसाठी आठ तासांना सरासरी दहा लाखांत १० भाग.

मी नोकरीला लागलो तोवर कॉलरला चिमट्याने लावायचा डिटेक्टर आला होता. एकदा एक टाकी रिकामी करून नायट्रोजन मारून ठेवली होती. कंत्राटदाराचा पोरगा मॅनहोलपाशी मीटर धरून म्हणाला, "साहेब, एलईएल शून्य. उतरू?"

आमचे शिफ्ट इन्चार्ज जागचे हलले नाहीत. "ऑक्सिजन किती?"

ते त्याने बघितलंच नव्हतं. मण्यावर गॅस जळायला प्राणवायू लागतो; तो नसेल तर टाकीत कितीही गॅस असो, आकडा शून्यच. बाहेरच्या हवेत असतो २०.९ टक्के. त्याने नळी आत सोडली, पंप चालवला. ४.

इन्चार्जनी परमिटवर सही न करता कागद घडी करून खिशात टाकला आणि ब्लोअर मागवला.