आरियातले शब्द कळत का नाहीत?

अठराव्या शतकातला इटालियन ऑपेरा दोन प्रकारच्या एकलगानावर उभा आहे. ‘रेसिटेटिव्ह’ म्हणजे बोलण्याच्या अंगाने, मधल्या सुरांत गायलेला मजकूर. साथीला बहुधा हार्प्सिकॉर्ड आणि चेलो, बस. कोण कुणाला फसवतंय, पत्र कुणाच्या हाती लागलं, हे इथे कळतं. मग आरिया, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीचं एकल गाणं, सुरू होते आणि कथानक थांबतं. चार-सहा ओळी, त्याच पुन्हा पुन्हा, एकाच भावनेचा विस्तार. ‘दा कापो’ आरियात पहिला भाग, निराळा दुसरा भाग आणि परत पहिला, या खेपेस गायकाच्या स्वतःच्या अलंकारांसह. ही वाटणी नाट्याच्या सोयीची आहेच, पण गळ्याच्या भौतिकशास्त्रालाही ती धरून आहे.

आरियात मायक्रोफोनशिवाय सगळ्या ऑर्केस्ट्राच्या वर ऐकू यायचं असतं. निव्वळ जोर लावून ते जमत नाही. ऑर्केस्ट्राची सर्वाधिक ऊर्जा ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास असते. ३००० हर्ट्झपाशी ती पुष्कळ घटलेली असते, आणि नेमका तिथेच आपला कान फार संवेदनशील असतो. तयारीचा टेनॉर (चढ्या आवाजाचा गायक) किंवा बास (खर्जाच्या आवाजाचा) स्वरयंत्र खाली ठेवतो, त्याच्या वरची नळी अरुंद आणि घशाची पोकळी रुंद करतो. दोन्हींच्या आडव्या छेदांच्या क्षेत्रफळांचं प्रमाण साधारण एकास सहा झालं, की वरचे अनुनाद (ज्या कंपनांना घसा-तोंडाची पोकळी आपोआप बळ देते ती) जवळ येऊन ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला धार चढते. स्वीडनचे योहान सुंडबर्ग यांनी १९७०च्या दशकात हे उलगडून दाखवलं. याला ‘सिंगर्स फॉर्मंट’ म्हणतात. नवशिका मात्र आवाज पोचत नाही म्हणून रेटतो. त्याने स्वरयंत्र वर चढतं, जिभेचं मूळ आवळतं आणि ती धारच जाते.

सोप्रानोचं, म्हणजे सर्वांत चढ्या आवाजाच्या गायिकेचं, गणित वेगळं. ‘ई’चा पहिला अनुनाद ३०० ते ४०० हर्ट्झला, ‘आ’चा ८०० ते १००० हर्ट्झला. ८८० हर्ट्झच्या सुरावर ‘ई’ म्हणायची तर मूळ सूरच त्या अनुनादाच्या कितीतरी वर जातो. म्हणून गायिका सूर चढेल तसा जबडा उघडत जाते आणि अनुनाद सुरापाशी आणते. आवाज भरतो, पण ‘ई’ आणि ‘ऊ’ दोन्ही ‘आ’सारखे ऐकू येतात. तिच्या उच्चाराला नावं ठेवणं अन्यायाचंच. तिथे स्पष्ट ‘ई’ धरून ठेवली तर आवाज बारीक आणि चिरका होतो.

जाणत्या संगीतकारांना हे ठाऊक होतं. मोत्सार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’मध्ये (व्हिएन्ना, १७९१) बहुतेक ठिकाणी रेसिटेटिव्हऐवजी गद्य संवाद आहेत. त्यातलं ‘रात्रीची राणी’ हे पात्र मुलीच्या हाती खंजीर देतं ते बोलून. दुसऱ्या अंकातल्या तिच्या आरियात धमकीचे शब्द खालच्या सुरांत येतात. जवळजवळ १४०० हर्ट्झच्या टोकाच्या सुरांवर वेगळे शब्दच नाहीत, एकाच अक्षरावर तुटक ताना आहेत. शब्द वरच्या सुरांत सांडायचेच, हे धरून लिहिलेलं गाणं आहे ते.

प्रेक्षकांची अडचण उशिरा सुटली. १९८३ साली टोरंटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने रंगमंचाच्या वर पडद्यावर भाषांतर दाखवायला सुरुवात केली.