नॅरोबोटवरची वीज आणि शेवटचे वीस टक्के

इंग्लंडमधल्या कालव्यांवर नॅरोबोटीत राहणाऱ्या माणसाच्या घराची रुंदी असते अवघी ६ फूट १० इंच. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने मिडलँड्समधल्या कालव्यांवरची लॉक, म्हणजे बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजेबंद जलकक्ष, सात फुटांच्या आसपास रुंदीची ठेवली आणि त्या मापातून बोटींची पुढे कधी सुटका झाली नाही. कोळसा आणि चिनीमाती वाहून नेण्यासाठी बांधलेल्या या बोटींचा घाट घेऊनच आजच्या राहत्या बोटी बांधल्या जातात. त्यांतल्या अनेकांना स्वतःचा कायमचा धक्का नसतो. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार अशा बोटीला एका ठिकाणी सर्वसाधारणपणे सलग १४ दिवसांहून अधिक मुक्काम करता येत नाही. साहजिकच घराला विजेची तार जोडलेली नसते. फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, लॅपटॉप या सर्वांना लागणारी वीज बोटीवरच निर्माण करावी लागते आणि बोटीवरच साठवावी लागते.

लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी आलेला इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी आपल्या ओळखीची आहे. पण ती बॅटरी वीज परत आली की तासन्‌तास आपोआप भरत राहते, त्यामुळे बॅटरी भरणे हे कष्टाचे काम असते हे आपल्या ध्यानातही येत नाही. बोटीवर मात्र सगळा प्रश्न तिथेच आहे. बॅटरी वापरून संपवणे सोपे, ८० टक्क्यांपर्यंत भरणेही तितकेच सोपे. अवघड असतात ते उरलेले २० टक्के, आणि बोटीवरच्या बहुतेक बॅटऱ्या अकाली मरतात त्या याच २० टक्क्यांपायी.

आधी जमाखर्च पाहू. बोटीवर बॅटरीचे दोन स्वतंत्र संच असतात. एक केवळ इंजिन सुरू करण्यासाठी आणि दुसरा घरवापरासाठी. घरवापराच्या संचात ११० अँपिअर-तासांच्या (एक अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअर प्रवाह तासभर) चार शिसे-आम्ल बॅटऱ्या समांतर जोडल्या आहेत असे धरले, तर एकूण क्षमता ४४० अँपिअर-तास, म्हणजे १२ व्होल्टला साधारण पाच युनिट होते. शिशाची बॅटरी नेहमी निम्म्याहून खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून प्रत्यक्ष हाती राहतात ते अडीच युनिट. १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज दिवसाकाठी ४० ते ५० अँपिअर-तास घेतो. दिवे, पंप, लॅपटॉप आणि इंटरनेट मिळून तेवढेच आणखी जातात. म्हणजे रोज शंभराच्या आसपास. दोन दिवस काही भरले नाही तर संच अर्ध्यावर येतो.

मोठ्या उपकरणांची भीती नवख्या बोटवाल्याला फार असते. २,००० वॉटची विजेची किटली इन्व्हर्टरमार्फत चालवली तर १२ व्होल्टच्या बाजूला १८० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो हे खरे, पण चार मिनिटांत त्याची बेरीज होते १२ अँपिअर-तास. तिथे खरी काळजी घ्यायची ती केबलच्या जाडीची. जाऊन-येऊन पाच मीटर लांबीची, १६ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची केबल वापरली, तर या प्रवाहाला तिच्यातच जवळपास एक व्होल्ट खर्ची पडतो आणि पावणेदोनशे वॉट उष्णता केबलमध्ये तयार होते. लाकडी पॅनेलिंगच्या आड असलेल्या तारेसाठी ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीच्या अगदी जवळ आणि केबल जाडजूड, यात तडजोड नसावी.

आता त्या वीस टक्क्यांकडे वळू. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. तिचे मूळ रसायन आजही तेच आहे. बॅटरीतून वीज काढून घेताना शिसे आणि शिशाचा डायऑक्साइड या दोन्ही पट्ट्यांवर सल्फ्युरिक आम्लाशी अभिक्रिया होऊन लेड सल्फेटचे बारीक स्फटिक बसतात. चार्जिंग करताना तेच स्फटिक विरघळून पुन्हा शिसे, डायऑक्साइड आणि आम्ल तयार होते. सुरुवातीला स्फटिक मुबलक आणि सहज हाती लागणारे असतात, म्हणून बॅटरी देऊ तेवढा प्रवाह घेते. भरत जावे तसे उरलेले स्फटिक पट्टीच्या आतल्या छिद्रांत दडलेले असतात आणि ते विरघळण्याचा वेग आपल्या हाती राहत नाही. व्होल्टेज वाढवून घाई केली तर जास्तीची ऊर्जा पाण्याचे विघटन करण्यात जाते. हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात आणि बॅटरीतले पाणी घटते. म्हणूनच चार्जर ठरावीक व्होल्टेजला, बहुधा १४.४ ते १४.८ व्होल्टला, थांबतो आणि बॅटरी घेईल तेवढाच प्रवाह तिला देत राहतो. हा प्रवाह हळूहळू ओसरत जातो. बॅटरीच्या कप्प्यातून हायड्रोजन बाहेर जाण्यासाठी वरच्या बाजूला झरोका हवाच, कारण हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते.

या संथपणाला कंटाळून चार्जिंग ८० टक्क्यांवर सोडून दिले तर त्या दिवशी काहीच बिघडलेले दिसत नाही. पण न विरघळलेले स्फटिक दिवसागणिक मोठे आणि टणक होत जातात, आणि काही आठवड्यांनी ते कोणत्याही चार्जिंगला दाद देत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. ४४० अँपिअर-तासांचा संच नकळत ३०० चा होतो, मग २०० चा. रात्री दहाला फ्रिज बंद पडू लागतो आणि मालक म्हणतो, बॅटरीच निकृष्ट निघाली. माझ्या मते अशा दहापैकी बहुतेक बॅटऱ्या निकृष्ट नसतात, उपाशी असतात.

मग ती पूर्ण भरली हे ओळखायचे कसे? व्होल्टेजवर विसंबता येत नाही. काही तास पूर्ण विश्रांती दिलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ दाखवत असेल तर निम्मी, हे खरे. पण फ्रिज चालूबंद होणाऱ्या राहत्या घरात बॅटरीला विश्रांती मिळते कधी? चार्जिंग थांबल्यावर लगेच मोजले तर पट्ट्यांच्या पृष्ठभागावरचा भार आकडा फुगवून दाखवतो. म्हणून बॅटरीच्या ऋण तारेत शंट बसवतात. शंट म्हणजे दोन पितळी ठोकळ्यांमधल्या धातूच्या पट्ट्यांचा, अतिशय कमी पण अचूक रोध असलेला तुकडा. ५०० अँपिअरला ५० मिलिव्होल्ट या मापाच्या शंटचा रोध एका ओहमचा दहा हजारावा भाग असतो. १० अँपिअर वाहिले की त्याच्या दोन टोकांत एक मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि मीटर तेवढ्यावरून गेले-आले अँपिअर-तास मोजत राहतो. हाच मीटर टक्केवारीही दाखवतो, आणि तिथे सावध राहायला हवे, कारण ती टक्केवारी आपण त्याला सांगितलेल्या ४४० या क्षमतेवर काढलेली असते. संच २५० वर आलेला असला तरी मीटरला ते ठाऊक नसते. भरवशाची खूण एकच: चार्जर १४.४ व्होल्टवर टिकून असताना आत जाणारा प्रवाह क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर, म्हणजे आपल्या संचासाठी ४ ते ९ अँपिअरवर, उतरला पाहिजे आणि पुढचा तासभर तिथेच रेंगाळला पाहिजे.

इंजिनाच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या वीजजनित्रावरून, हे साधायला गेले तर हिशेब फार महाग पडतो. संच ६० टक्क्यांवर असताना सकाळी इंजिन सुरू केले, तर १०० अँपिअरचा म्हणवला जाणारा अल्टरनेटर तापल्यावर ७० च्या आसपास देतो आणि दीडेक तासात ८० टक्के गाठतो. उरलेल्यासाठी आणखी चार ते सहा तास लागतात, कधी त्याहूनही जास्त. शेवटाकडे जाताना प्रवाह २० अँपिअरवर येतो, म्हणजे तीनशेहून कमी वॉट, आणि त्यासाठी तासाला लिटरभराच्या आसपास डिझेल जळत असते. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. त्यातला जेमतेम तीन टक्के भाग बॅटरीत जातो. इंजिनाच्या उष्णतेवर अंघोळीचे पाणी तापते हा त्यातला खरा फायदा, पण तो पहिल्या तासा-दोन तासांतच मिळून चुकतो. शिवाय काठाला बांधलेल्या बोटीचे इंजिन रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे चालवू नये, असा कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे.

सौर पॅनेलचे मोल इथे कळते. ते ताकदवान नसते, पण दिवसभर थोडाथोडा प्रवाह देत राहते, आणि शेवटच्या वीस टक्क्यांना नेमके तेच हवे असते. म्हणून इंजिन चालवायचे ते सकाळी, बॅटरी भुकेली असताना. तासा-दीड तासाने ते बंद करून उरलेले काम उन्हावर सोपवायचे. संध्याकाळी इंजिन चालवणारा माणूस दिवसभराचे ऊन घाईच्या भागात खर्च करतो आणि संथ भाग डिझेलवर ओढत बसतो.

हिवाळ्यात मात्र हा आधार सुटतो. लंडनच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर येतो. जूनमध्ये तोच ६२ अंशांवर असतो. पुण्यात डिसेंबरमध्येही तो ४८ अंशांवर असतो हे लक्षात घेतले की फरक कळतो. पूल आणि बोगदे बुटके असल्याने पॅनेल छतावर आडवे ठेवावे लागते, त्यामुळे तिरप्या उन्हाचा फार थोडा अंश त्याच्या वाट्याला येतो. दिवस आठ तासांहून लहान, आभाळ बहुधा झाकलेले. सगळे मिळून डिसेंबरची कमाई जूनच्या साधारण दहाव्या हिश्शावर येते. एवढ्यात शेगडीच्या धुराड्याची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तर तीही जाते, कारण पॅनेलमधले घट एकापुढे एक जोडलेले असतात आणि झाकलेला घट उरलेल्यांचा प्रवाह अडवतो. अशा दिवसांत आठवड्यातून एकदा दिवसभराचा प्रवास करून, किंवा धक्क्यावर रात्रभर तारेची वीज घेऊन, संच पूर्ण भरणे हा एकच मार्ग उरतो.

धक्क्याच्या विजेतही एक खोच आहे. तिच्या अर्थिंगच्या तारेने शेजारच्या बोटींचे पोलादी तळ एकमेकांशी जोडले जातात, मध्ये कालव्याचे पाणी असतेच, आणि सगळा धक्का मिळून एक मोठा विद्युतघट तयार होतो. त्यात आपल्या बोटीचा पत्रा किंवा त्याच्या रक्षणासाठी बसवलेले मॅग्नेशियमचे ठोकळे झिजत जातात. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर अर्थच्या तारेत बसवला की एक-सव्वा व्होल्टपर्यंतचा असा चोरटा प्रवाह थांबतो आणि खरा बिघाड झाला तर मोठा प्रवाह मात्र सुरक्षितपणे जमिनीत जातो.

लिथियम आयर्न फॉस्फेटने यातला मूळ प्रश्नच पुसला आहे. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात पुढे आलेल्या या पदार्थाची बॅटरी जवळपास शेवटपर्यंत पूर्ण प्रवाह घेते, आणि तिला रोज काठोकाठ भरावे लागत नाही; अर्धवट भरलेली राहणेच तिला मानवते. पण अडचणीची जागा फक्त बदलते. शिशाची बॅटरी स्वतःच प्रवाह आवरत असे. लिथियम आवरत नाही, त्यामुळे मंद फिरणारा अल्टरनेटर थंड व्हायला उसंत न मिळता जळतो. धोका जाणवून बॅटरीतल्या नियंत्रकाने भर चार्जिंगमध्ये जोडणी तोडली, तर अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणात उसळून त्याचे डायोड फुटतात. यावर उपाय म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवतात आणि प्रवाहाला तीस-चाळीस अँपिअरची मर्यादा घालतात. दुसरे पथ्य थंडीचे: शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम धातूच्या रूपात पट्टीवर साचतो आणि ती हानी भरून येत नाही. शेगडी विझवून महिनाभर सोडलेल्या बोटीत जानेवारीच्या सकाळी कोवळे ऊन पॅनेलवर पडले, तर हे कुणाच्या नकळत घडू शकते, म्हणून कमी तापमानाला चार्जिंग तोडणारा नियंत्रक नसलेली बॅटरी घेऊ नये.

घरवापराचा संच लिथियमचा केलेल्या बोटींतही इंजिन सुरू करणारी बॅटरी बहुधा शिशाचीच ठेवली जाते. तिच्या पट्ट्या पातळ असतात, क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी केलेल्या. स्टार्टरला ३०० अँपिअर तीन सेकंद दिले तर पाव अँपिअर-तास खर्च होतो, आणि इंजिन सुरू होताच अल्टरनेटर तो काही मिनिटांत भरून काढतो. ही बॅटरी जवळजवळ सतत भरलेली असते, तिच्यावर स्फटिक टणक व्हायला वेळच मिळत नाही, आणि शेजारचे घरवापराचे दोन संच बदलून झाले तरी ती आपल्या जागी काम करत राहिलेली दिसते.