वृक्षारोहण साहित्याची चाकगाडीने वाहतूक

वृक्षारोहण साहित्याची चाकगाडीने वाहतूक : दोराच्या साहाय्याने उंच वृक्षांवर चढण्यासाठी लागणारे जड साहित्य, मोटार जिथे थांबते तिथून वृक्षाच्या जवळपास, माणसाने ओढायच्या अथवा ढकलायच्या गाडीवरून नेण्याची पद्धत. वृक्षशेंड्यांवरील जीवसृष्टीचे संशोधक, झाडांची छाटणी व निगा हा व्यवसाय असलेले आर्बरिस्ट आणि केवळ हौसेने चढणारे असे तिन्ही प्रकारचे लोक ती वापरतात. हौशी वृक्षारोहणाला संघटित रूप आले ते पीटर जेंकिन्स यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे ट्री क्लाइंबर्स इंटरनॅशनल ही संस्था काढल्यावर. चाकगाडीची खरी गरज मात्र शहरातल्या झाडांना नसून कॅलिफोर्निया, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या पॅसिफिक किनाऱ्यावरील राज्यांच्या जंगलांत भासते. तेथील जुन्या जंगलांतले डग्लस फर ७०–८० मीटरांपर्यंत वाढतात, कोस्ट रेडवुड त्याहूनही उंच जातात आणि असे वृक्ष बहुधा मोटाररस्त्यापासून बरेच आत असतात.

झाडाच्या उंचीबरोबर ओझे वाढते, कारण त्यातला मोठा वाटा दोराचा असतो. ११ मिलिमीटर जाडीच्या, कमी ताणल्या जाणाऱ्या दोराचे वजन मीटरला साधारण ७५ ते ८० ग्रॅम भरते. दोर वरच्या फांदीवरून टाकून त्याचे दुसरे टोक बुंध्याशी बांधण्याच्या पद्धतीत उंचीच्या दुपटीहून अधिक लांबी लागते. फांदी ८० मीटरांवर असेल, तर एकट्या मुख्य दोराचेच १३ किलोग्रॅम होतात, आणि तो नायलॉनचा असून भिजला तर परतीच्या वाटेवर त्याहून जास्त. त्यात शेंड्याकडे वावरण्यासाठीचा आखूड दोर, प्रत्येकाचा कमरपट्टा, हेल्मेट, चढाईची उपकरणे व कॅराबिनर (दोर अडकवायच्या झडपेच्या कड्या), फांदीवरून दोरी फेकण्याची मोठी गलोल व वजनाच्या पिशव्या, प्रथमोपचार व सुटकेचे साहित्य आणि दिवसभराचे पाणी धरले, तर दोघांच्या चमूचा भार ५० किलोग्रॅमच्या आसपास जातो. झाड तुकड्यातुकड्यांनी कापून उतरवायचे काम असेल, तर जाड दोर, कप्प्या, यांत्रिक करवती व इंधन यांमुळे तो सहज दुप्पट होतो. कोकणात माडावर चढणारा पाडेली कोयता आणि दोरीचा फास एवढ्यावर काम भागवतो, त्यामुळे हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. तो उभा राहतो तो दोरावर लटकून तासन्‌तास काम करण्याच्या पद्धतीमुळे.

गाडी उपयोगी पडेल की नाही, हे भारापेक्षा वाट आणि कायदा ठरवतात. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जंगलांत लाकूडतोडीसाठी पूर्वी पाडलेल्या खडीच्या रस्त्यांचे जाळे आहे. यांतल्या पुष्कळ रस्त्यांवर आता फाटक लावून मोटारींना बंदी केलेली असते, पण पायी जाणाऱ्याला मज्जाव नसतो, आणि चाकगाडीला यापेक्षा सोयीची जागा दुसरी नाही. याउलट १९६४ च्या वाइल्डरनेस ॲक्ट या निसर्गरक्षणाच्या अमेरिकी कायद्यानुसार राखलेल्या क्षेत्रांत इंजिनाच्या वाहनांबरोबर ‘यांत्रिक वाहतुकी’च्या इतर सर्व प्रकारांनाही मनाई आहे. अमेरिकी वनसेवेच्या व्याख्येत सायकल, शिकार वाहून नेण्याची गाडी आणि बांधकामावर असते तसली एकचाकी ढकलगाडीसुद्धा यात मोडते. अपंग व्यक्तीची चाकांची खुर्ची तेवढी यातून वगळलेली आहे. गंमत अशी, की हलणारे भाग नसलेली साधने याच व्याख्येने मोकळी सोडली आहेत. त्यामुळे दोन वासे जमिनीवरून फरफटत नेणारी ‘त्राव्हॉई’ ही मूलनिवासी अमेरिकी लोकांची घसरगाडी किंवा बर्फावरची स्लेज चालते, पण बाळगाडीच्या चाकांवर बसवलेली पेटी चालत नाही. अशा राखीव क्षेत्राच्या सीमेवर म्हणूनच गाडी मागे ठेवायची व पुढचे अंतर सामान पाठीवर घेऊन काटायचे.

चाकाच्या व्यासाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून नवखे लोक नेमके त्याकडेच दुर्लक्ष करतात. घट्ट खडीच्या सपाट रस्त्यावर एकूण ६० किलोग्रॅमची गाडी ओढायला साधारण अडीच-तीन किलोग्रॅम वजनाएवढा जोर पुरतो. दहास एक असा चढ आला, की त्यात आणखी सहा किलोग्रॅमची भर पडते. तेवढ्यावरून चाक लहान असले तरी बिघडत नाही, असे वाटू लागते. खरी कसोटी वाटेत आडव्या आलेल्या मुळाशी लागते. ५ सेंटिमीटर उंचीच्या मुळावर थांबलेले चाक आडव्या ओढीने चढवायचे, तर २० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला आसावरील भाराच्या पावणेदोन पट जोर लागतो. ४० सेंटिमीटरच्या चाकाला भाराच्या जेमतेम नऊ दशांश, तर सायकलच्या ६६ सेंटिमीटरच्या चाकाला सहा दशांशांहून किंचित अधिक. सहलीला नेण्याची घडीची चारचाकी गाडी वाहनतळावर छान पळते आणि जंगलात पहिल्याच मुळाशी अडते, त्याचे कारण हेच. लाकूडतोडीच्या व्यवसायाला हे फार पूर्वी उमगले होते. मिशिगनमधील मॅनिस्टी येथील सायलस ओव्हरपॅक या गाड्या बनवणाऱ्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओंडके ओढण्यासाठी जवळजवळ तीन मीटर व्यासाच्या चाकांची जोडी विकायला सुरुवात केली, ती याच हिशेबाने.

आज तीन घाट प्रामुख्याने दिसतात. हरणाची शिकार वाहून नेण्यासाठी विकली जाणारी नळ्यांच्या सांगाड्याची दुचाकी गाडी सोयीची पडते, कारण ती हलकी असते, घडी होते आणि तिची चाके मोठी असतात. दोन मुलांना बसवून सायकलमागे जोडायचा ट्रेलर, कापडी टप काढून, चांगला कामाला येतो. मात्र त्याची रुंदी ७०–८० सेंटिमीटर असल्याने अरुंद पायवाटेवर एक चाक कायम उतारावर राहते. अशा वाटेसाठी पुढे एक व मागे एक माणूस धरून चालवायची एकचाकी गाडी बरी. ती तोल सांभाळण्याचे काम वाढवते, पण जिथे पाऊल मावते तिथून जाते. चाकात हवा भरलेली असावी हे खरे, तरी ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्यांतून वाट काढायची असेल, तर जास्तीची ट्यूब व पंप जवळ नसणे महागात पडते. फोम भरलेले टायर पंक्चर होत नाहीत, पण जड असतात आणि दगडांवर उसळतात.

भार रचण्याचे नियम बैलगाडी हाकणाऱ्याला वेगळे सांगायला नकोत. मागे वजन जास्त झाले तर गाडी उलाळ होते आणि चढावर दांडा हातातून वर उडतो. पुढे जास्त झाले तर ती धुरजड होऊन सगळा भार मनगटांवर येतो. दोराच्या पिशव्या म्हणून आसाच्या बरोबर वर व शक्य तितक्या खाली ठेवतात आणि दांड्यावर दोन-तीन किलोग्रॅमचाच भार राहील असे पाहतात. यानंतरचा क्रम कामाच्या क्रमाच्या उलटा असतो. झाडापाशी पोहोचल्यावर पहिले काम फेकदोरी वर टाकण्याचे, त्यामुळे ती व गलोल सगळ्यांत वर. चढण्याचा दोर मधे. सुटकेची पिशवी मात्र केव्हाही हाताला लागेल अशी बाजूला बांधलेली. करवतीची साखळी आवरणात घालतात व इंधनाचा डबा दोरापासून वेगळ्या पेटीत ठेवतात. आम्लाने नायलॉनचे धागे कमजोर होतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गाडीत पूर्वी मोटारीची बॅटरी वाहिली असेल, तर तळाला स्वच्छ ताडपत्री घातल्याशिवाय दोर ठेवू नये.

ओढताना दांडे कमरपट्ट्याला जोडले की हात मोकळे राहतात. यासाठी चढाईचाच पट्टा वापरण्याचा मोह होतो, पण तो घासला जातो आणि जिवाचा भरवसा ज्यावर टाकायचा त्या वस्तूची अशी झीज परवडत नाही. साधा निराळा पट्टा घ्यावा व तो एका झटक्यात सुटणारा असावा, कारण उतारावर गाडी ओढणाऱ्याला मागून ढकलते. तीव्र उतारावर वृक्षारोहकांजवळ एक साधन आयतेच असते. गाडीच्या मागच्या बाजूला बांधलेला दोर घर्षणाच्या उपकरणातून घेऊन, ते उपकरण रुंद पट्ट्याने एखाद्या भक्कम बुंध्याला अडकवले, की एक माणूस ५०–६० किलोग्रॅमचा भार हळूहळू खाली सोडू शकतो. दोर थेट सालीभोवती गुंडाळण्याने साल सोलली जाते. ओढ्याच्या उभ्या काठावर गाडी चढवायची असेल, तर तिपटीचा फायदा देणारी कप्प्यांची रचना करतात. घर्षण जमेस धरता प्रत्यक्षात लाभ तिपटीहून कमी मिळतो, तरी दहा-पंधरा मीटरांच्या चढासाठी तो पुरेसा असतो. सगळे सामान उतरवून दोन खेपांत हाताने वर नेणे पुष्कळदा याहून लवकर होते, हेही खरे.

गाडी थेट बुंध्यापर्यंत नेऊ नये. रेडवुडची मुळे फार खोल जात नाहीत, पण आडवी ३० मीटरांपर्यंत पसरतात. त्यांच्यावरची माती दबली, की हवा व पाणी यांचा शिरकाव कमी होतो. याला चाकच लागते असेही नाही. ११५.९२ मीटर उंचीचा हायपेरियन हा कॅलिफोर्नियातील रेडवुड राष्ट्रीय उद्यानात २००६ मध्ये सापडलेला रेडवुड, जगातील सर्वांत उंच ज्ञात वृक्ष. आडवाटेने येणाऱ्या प्रेक्षकांच्या पायांनी त्याच्या बुंध्याभोवतालचे नेचे नष्ट झाले आणि २०२२ मध्ये उद्यान प्रशासनाला तो भाग बंद करावा लागला. त्यामुळे गाडी वाटेवरच थांबवून शेवटचा टप्पा सामान थोडे थोडे करून, एकाच पाऊलवाटेने नेतात.

चाकांना चिकटलेल्या चिखलाचा धोका याहून गंभीर आहे. फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांच्या प्रजाती मातीतून व पाण्यातून पसरतात. त्यांपैकी फायटोफ्थोरा लॅटरॅलिस ही प्रजाती १९५२ मध्ये पोर्ट ऑर्फर्ड सिडार या सूचिपर्णी वृक्षाच्या नैसर्गिक क्षेत्रात, ऑरेगनमध्ये आढळली. वाहनांच्या टायरांवरील चिखल हे तिच्या प्रसाराचे एक मुख्य साधन ठरल्याने काही वनरस्ते पावसाळी महिन्यांत बंद ठेवतात. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांना मारणाऱ्या प्रजातीमुळे जंगलाच्या वाटांवर बूट घासण्याची व जंतुनाशक लावण्याची केंद्रे उभारलेली आहेत. गाडी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात नेण्याआधी टायरांच्या खाचा, आस आणि सांगाड्याच्या उघड्या नळ्या ब्रशने घासून माती पूर्ण काढतात, मग जंतुनाशक लावून गाडी वाळवतात. माती तशीच ठेवून वरून द्रावण फवारले तर आतले बीजाणू वाचतात. क्लोरीनयुक्त ब्लीचने नायलॉन खराब होत असल्यामुळे हे काम दोर व कमरपट्टे गाडीवरून उतरवून, त्यांच्यापासून दूर करतात आणि दोर निराळे, साध्या पाण्याने धुतात.