एडिप योजनेतून व्हीलचेअर: पात्रता, कागदपत्रं आणि मोजमापाचा दिवस

सेरेब्रल पाल्सी, मणक्याची इजा, मस्क्युलर डिस्ट्रॉफी किंवा पक्षाघात झालेल्या अनेकांना दुकानात मिळणारी घडीची व्हीलचेअर पुरत नाही. कुणाला मानेला आधार लागतो, कुणाचं शरीर एका बाजूला कलतं, कुणाला कमरेखाली संवेदनाच नसते. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. खुर्चीसाठी अर्ज करायचा तो दिव्यांगांना सहाय्यक साहित्य देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत. ती १९८१ पासून चालू आहे आणि साहित्याचं बरंचसं वाटप कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीमार्फत होतं.

योजनेच्या मुख्य अटी मोजक्याच आहेत. दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं. सर्व मार्गांनी मिळून महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साहित्य पूर्ण मोफत, त्यापुढे ३०,००० रुपयांपर्यंत निम्मी मदत. रुग्ण आईवडिलांवर किंवा पालकांवर अवलंबून असेल तर त्यांचं उत्पन्न धरतात. तेच साहित्य गेल्या तीन वर्षांत घेतलेलं नसावं. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ही मुदत एकच वर्ष आहे, कारण मूल वाढतं.

मोटारवर चालणाऱ्या व्हीलचेअरचे किंवा तीनचाकीचे नियम वेगळे आहेत. वय १६ पूर्ण हवं. तीन किंवा चारही हातपाय, नाहीतर शरीराची एक बाजू गंभीरपणे निकामी झालेली असावी. योजनेच्या तपासणी शिबिरात बहुधा ८० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र विचारतात. बौद्धिक दिव्यांगत्वही असेल तर अपघाताच्या भीतीने ही खुर्ची देत नाहीत. योजनेतून ५०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. किंमत त्याहून जास्त असली तर वरचे पैसे खासदार निधी, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामाचा निधी) किंवा स्वतःच्या खिशातून भरता येतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी दिव्यांगांसाठी राखलेल्या पाच टक्के निधीचीही चौकशी जरूर करा. तो निधी तुमच्यासाठीच ठेवलेला असतो, तेव्हा मागायला संकोच करू नका.

कागदपत्रांत सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढा. त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. तारीख मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून शिबिराची घोषणा होईपर्यंत थांबू नका. बाकी आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि चालू मोबाइल नंबर. प्रत्येकाच्या दोन-तीन झेरॉक्स ठेवा. शिबिरं कधी आणि कुठे आहेत हे जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात किंवा जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात कळतं. मुंबईतली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नागपूरचं संयुक्त प्रादेशिक केंद्र या दिव्यांगांसाठीच्या केंद्रीय संस्थांतही विचारता येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिबिरं दोन असतात: आधी तपासणी आणि मोजमाप, काही महिन्यांनी वाटप. लोक वाटपाची वाट पाहतात, पण खुर्ची कशी येणार हे मोजमापाच्या दिवशीच ठरतं. तिथे गर्दी असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच मिनिटं येतात. म्हणून आधी फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून एक चिठ्ठी लिहून घ्या: बसल्यावर नितंबांची रुंदी, पाठीपासून गुडघ्यामागपर्यंतची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची, आणि डोकं, धड, पाय यांना कुठे आधार हवा. खुर्ची फार रुंद असेल तर कणा वाकडा होत जातो. बैठक फार खोल असेल तर माणूस पुढे घसरतो आणि माकडहाडाशी जखम होते. संवेदना नसलेल्या रुग्णाला ती जखम दुखतही नाही, म्हणून त्याच्यासाठी दाब वाटून घेणारी गादी हा चैनीचा भाग नाही. ती चिठ्ठीत स्पष्ट लिहून घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या लहान मुलांसाठी सीपी चेअर असते. नुसतं ‘व्हीलचेअर’ म्हणू नका, नाव घेऊन मागा. घराच्या दाराची रुंदीही मोजून न्या.

रुग्णाला सोबत न्यावंच लागतं. लाभार्थी आणि सोबतच्या एका माणसाच्या प्रवासखर्चाची तरतूद योजनेत आहे, तेवढं विचारून घ्या. मोजमाप झाल्यावर मिळालेली पावती जपून ठेवा, वाटपाच्या वेळी ती दाखवावी लागते.

रुग्ण साठीपुढचा असेल, दिव्यांग प्रमाणपत्र नसेल आणि वयामुळे चालणं थांबलं असेल, तर एडिपऐवजी राष्ट्रीय वयोश्री योजना पाहा. तिथे दारिद्र्यरेषेखालचं कार्ड किंवा महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न ही अट आहे.

वाटपाच्या दिवशी सही करण्याआधी रुग्णाला खुर्चीत बसवा. पाय फूटरेस्टवर टेकतात का, ब्रेक लागतात का, पट्टे पुरतात का ते पाहा. मोटारची असेल तर चार्जर आणि वॉरंटीचा कागद मागून घ्या. घरी आल्यावर पहिले काही दिवस थोडा थोडा वेळच बसवा आणि प्रत्येक वेळी पाठ, नितंब, टाचा तपासा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर बसवणं थांबवून थेरपिस्टला दाखवा. खुर्ची मापाची नसेल तर त्याच आठवड्यात, पावतीची झेरॉक्स जोडून, वाटप करणाऱ्या संस्थेकडे लेखी अर्ज द्या आणि पोचपावतीवर शिक्का घ्या.