पाय नाश्त्याला काय खातात? लहान मुलांचं आणि बातम्यांचं किती खरं मानायचं

घरात चार-पाच वर्षांचं पोर असेल तर त्याला आत्ता एक प्रश्न विचारून बघा. चेहरा गंभीर ठेवा, हसलात की संपलं. विचारा, "दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का रे?" बहुतेक पोरं उत्तर देणार. कुणी हो म्हणेल, कुणी नाही, एखादं वर कारणही जोडून देईल, पण "हा काय प्रश्न झाला का" असं म्हणणारं विरळाच. १९८० साली ब्रिटनमधल्या ह्यूज आणि ग्रीव्ह या दोघांनी पाच आणि सात वर्षांच्या मुलांना हेच विचारलं होतं, शिवाय लाल रंग पिवळ्यापेक्षा जड असतो का वगैरे, आणि जवळपास सगळ्या मुलांनी इमानेइतबारे उत्तरं दिली.

नंतर तिथल्याच दुसऱ्या संशोधकांनी थोडी गंमत केली. हो-नाहीत उत्तर देता येईल असे वेडे प्रश्न एका बाजूला ठेवले आणि "पाय नाश्त्याला काय खातात?" असले मोकळे वेडे प्रश्न दुसऱ्या बाजूला. हो-नाहीवाल्यांना पोरांनी पटापट उत्तरं दिली, पण पायांच्या नाश्त्यापाशी तीच पोरं अडली, माहीत नाही म्हणाली, कळलं नाही म्हणाली. म्हणजे पोरं तीच आणि वेडेपणाही तेवढाच, फक्त प्रश्नाचा साचा बदलला तर उत्तराचा भरवसा बदलला. मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. मूल खरं बोलतंय का हे आपण त्याच्या तोंडाकडे बघून ठरवायला जातो, आणि बघायचं असतं विचारणाऱ्याच्या तोंडाकडे.

आमच्याकडे हे साप प्रकरणात झालं. भाचा तेव्हा चार वर्षांचा. बालवाडीतून आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "आज आमच्या वर्गात साप आला होता." आजीच्या हातातलं भांडंच खाली. मग सुरू झालं, अगं बाई, मोठा होता का? (हो.) काळा होता का? (हो.) फणा काढला होता का? (हो!) बाई घाबरल्या असतील ना? (खूप घाबरल्या.) संध्याकाळपर्यंत सापाने एका मुलाच्या दप्तरात शिरून दाखवलं होतं आणि रात्री आठ वाजता आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "शाळेत नाग निघाला, मॅनेजमेंट लपवतंय" असा मेसेज फिरत होता. मूळ वाक्य एक होतं, बाकी सगळे तपशील आजीच्या प्रश्नांत होते, पोराने फक्त मान हलवली. साप नेमका काय होता ते नंतर सांगतो.

आता कुणी म्हणेल, पोर खोटं बोललं. नाही हो. मोठं माणूस विचारतंय म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असणार, आणि विचारलंय तर उत्तर द्यायचं असतं, हे आपणच त्याला शिकवलेलं असतं. त्यात तोच प्रश्न परत विचारला की पोराला वाटतं मघाचं उत्तर चुकलं. आठवा, गणिताच्या बाईंनी नुसतं "नक्की?" म्हटलं की आपण बरोबर आलेलं उत्तर कसं खोडायचो ते.

"मला पोराच्या डोळ्यांत बघून कळतं" हा प्रत्येक आईचा, शिक्षकाचा आणि पोलिसाचा दावा असतो. २०१७ मध्ये मुलांचं खोटं पकडण्याबद्दलचे बरेच प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला गेला, तर मोठी माणसं सुमारे ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी ५० मिळाले असते. आणि हे जाणूनबुजून केलेल्या खोट्याबद्दल झालं. मुलाला स्वतःलाच ते खरं वाटत असेल तर चेहऱ्यावर दिसणार तरी काय?

यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेत लाइक्टमन आणि सेसी यांनी केला, १९९५ साली छापून आला. एका बालवाडीत सॅम स्टोन नावाचा पाहुणा आला, दोन मिनिटं थांबला, हाय-बाय केलं आणि गेला. कशाला हात लावला नाही, काही मोडलं नाही. पण काही मुलांना तो यायच्या आधी महिनाभर त्याच्या धांदरटपणाच्या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या, आणि तो गेल्यावर दहा आठवड्यांत चार वेळा "सॅमने पुस्तक फाडलं तेव्हा तो चिडला होता की चुकून झालं?" अशा वळणाचे प्रश्न विचारले. शेवटी एका नव्याच माणसाने चौकशी केली. तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी ७२ टक्के म्हणाली, हो, सॅमनेच नासधूस केली. तू स्वतः पाहिलंस का म्हटल्यावरही ४४ टक्के हो म्हणाली, आणि "खरंच? नक्की पाहिलंस?" असं हळूच डिवचूनही २१ टक्के जागची हलली नाहीत. ज्या मुलांना आधी गोष्टी सांगितल्या नव्हत्या आणि नंतर कुणी टोकलंही नव्हतं, त्यांच्यात सॅमवर आळ घेणारं दहातलं एक.

याच्यापुढचा भाग मला जास्त झोंबतो. या मुलांच्या मुलाखतींचे व्हिडिओ याच क्षेत्रात काम करणाऱ्या शंभराहून जास्त जाणकारांना दाखवले, कोणतं मूल खरं सांगतंय ते ओळखा म्हणून. ओळखता आलं नाही. कारण चुकीचं सांगणारी पोरं भरभरून सांगत होती, हातवारे करत, बारकाव्यांसकट, आणि आपल्याला बारकावे दिसले की गोष्ट खरी वाटते. आणि ते बारकावे आले कुठून, तर दहा आठवड्यांच्या प्रश्नांतून.

हे प्रयोग काही कुणाला सुचलं म्हणून झाले नव्हते, त्यामागे एक भयंकर खटला होता. कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीच नावाचं गाव आहे, तिथे मॅकमार्टिन नावाची बालवाडी होती. १९८३ च्या ऑगस्टमध्ये एका आईने तिथल्या एका शिक्षकावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. तक्रार आली, तपास करायलाच हवा होता, त्यात वाद नाही. पण पोलिसांनी केलं काय, तर सप्टेंबरमध्ये सुमारे २०० पालकांना पत्र पाठवलं, त्यात संशयिताचं नाव लिहिलं, काय काय घडलं असू शकतं त्याची यादी दिली आणि सांगितलं की आपापल्या मुलांना विचारा. आता तुम्हीच सांगा, असं पत्र हातात पडल्यावर कुठली आई शांतपणे "आज काय केलंस रे शाळेत" एवढंच विचारेल? मग एका संस्थेने सुमारे ४०० मुलांच्या मुलाखती घेतल्या. हातात बाहुल्या देऊन, "बाकीच्यांनी आम्हाला सगळं सांगितलंय, तूही हुशार आहेस ना?" असं म्हणत, हो म्हटलं की शाबासकी आणि नाही म्हटलं की नाराजी. त्यातून आकडा निघाला, साडेतीनशेहून जास्त मुलं पीडित. पुढे मुलांच्या बोलण्यात शाळेखालचे बोगदे आले, उडणारी माणसं आली.

१९८४ च्या फेब्रुवारीत एका स्थानिक टीव्ही चॅनलने बातमी फोडली आणि पुढचं आपल्या ओळखीचं आहे, सगळे मागून धावले. सात जणांवर आरोप ठेवले गेले. खटला जानेवारी १९९० मध्ये संपला तेव्हा एकाही आरोपात दोष सिद्ध झाला नव्हता, उरलेल्या काही आरोपांवर परत सुनावणी झाली, तिथेही ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि त्याच वर्षी प्रकरण बंद झालं. मुख्य आरोपी तोवर पाच वर्षं तुरुंगात काढून झाला होता. सरकारी खर्च दीड कोटी डॉलर. पुढे १९९८ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी त्या मुलाखतींच्या पद्धती उचलून तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर वापरून पाहिल्या, अर्थात निरुपद्रवी विषयावर, वर्गात येऊन गोष्ट सांगून गेलेल्या पाहुण्याबद्दल. नुसते सूचक प्रश्न विचारले तर मुलांची १७ टक्के उत्तरं चुकीची, आणि त्याला "बाकीच्यांनी सांगितलंय" आणि शाबासकीची फोडणी दिली की ५८ टक्के. तेही पाच मिनिटांच्या आत! ज्या मुलांची चौकशी महिनोन्महिने चालली त्यांचं काय झालं असेल याची कल्पना करा.

बातम्यांचंही नेमकं असंच होतं. त्या वेळी लोकांना वाटलं की इतके पेपर, इतके चॅनल सांगतायत म्हणजे खरंच असणार. पण सगळ्यांची विहीर एकच होती, सरकारी वकिलांची बाजू आणि ती मुलाखती घेणारी संस्था. लॉस एंजेलिस टाइम्सच्या डेव्हिड शॉने १९९० मध्ये या वार्तांकनाची चिरफाड करणारी लेखमाला लिहिली, स्वतःच्या पेपरलाही सोडलं नाही, आणि त्याला पत्रकारितेतलं १९९१ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. (आपल्याकडे स्वतःच्या पेपरच्या चुकांवर लेखमाला? असो.)

डोकं इथे कसं फसतं तेही मोजलेलं आहे. १९७७ च्या एका अमेरिकन प्रयोगात विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा साठ-साठ विधानं देऊन किती खरं वाटतं ते विचारलं. काही विधानं दर वेळी परत येत होती. परत परत आलेली विधानं लोकांना दर खेपेला जास्त खरी वाटायला लागली, मग ती खोटी का असेनात. आपण काय ऐकलं ते लक्षात राहतं, कुठून ऐकलं ते आधी पुसलं जातं. सॅम स्टोनची पोरं आणि सकाळी सहा वेगवेगळ्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड बघणारे आपले काका, दोघांचा घोटाळा एकच आहे.

त्याची किंमत आपण महाराष्ट्रात मोजलेली आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं, पार मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी फिरत आलेली, "मुलं पळवणारी टोळी" समजून जमावाने ठेचून मारली. त्या काळात देशभर फिरत असलेल्या व्हिडिओंपैकी एक तुम्हीही पाहिला असेल, बाईकवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. तो व्हिडिओ खोटा नव्हता, ही त्यातली मेख. तो कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करायला बनवलेला होता, शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. कुणीतरी शेवट कापला. म्हणजे डोळ्यांना दिसलेलं चित्रीकरण खरंच झालं होतं, फक्त ते कुठलं, कधीचं आणि कुणी का बनवलं हे गळालं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली.

म्हणून बातमी बघताना मी आता किती ठिकाणी आलीय हे मोजत नाही, मुळात कुणी पाहिलं ते शोधतो. "समजतं", "सूत्रांकडून कळतंय", "परिसरात चर्चा आहे" ही वाक्यं दिसली की पहिल्या हातचा माणूस गायब आहे हे धरून चालतो. दहा साइटवर शब्दन् शब्द तोच मजकूर असेल तर त्या दहा बातम्या नाहीत, एक आहे. घटनेनंतरच्या पहिल्या काही तासांतले आकडे मी पाठ करत नाही. आणि टीव्हीवर एखाद्या पोराच्या तोंडासमोर माईक धरलेला दिसला की पोराचं उत्तर सोडून मागून आलेला प्रश्न ऐकायचा प्रयत्न करतो, बऱ्याचदा तोच कापलेला असतो. (पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या प्रकरणात मुलाची ओळख उघड करायला माध्यमांना कलम २३ नुसार बंदी आहे, तरी गल्लीतल्या यूट्यूब चॅनलांना ते कोण सांगणार.)

आता इथपर्यंत वाचून कुणी "म्हणजे पोरांचं ऐकूच नका" असा अर्थ काढला तर मी हे लिहिलं नसतं तर बरं झालं असतं असं म्हणेन. मुलाने आपणहून, कुणी न विचारता काही सांगितलं तर ते बहुतेकदा तुटक असतं पण खरं निघतं, प्रयोगांनी हेही तितक्याच ठामपणे दाखवलंय. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या पाहणीत तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांना विचारलं गेलं, त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि बहुतेकांनी त्याआधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. म्हणजे आपल्या घरांत खोट्या तक्रारींपेक्षा गिळलेल्या खऱ्या तक्रारी जास्त आहेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात म्हणूनच काही गोष्टी लिहून ठेवल्यात, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, अंगावर वर्दी नको, आणि कोर्टात त्याला परत परत बोलवायचं नाही.

घरात अशी वेळ आलीच तर तपास आपण करायचा नसतो. घाबरू नका, किंचाळू नका, "अमक्याने केलं का" असं नाव तोंडात घालू नका. "बरं, सांग मला", "मग काय झालं?" एवढंच, आणि मध्ये गप्प बसायचं, जे सगळ्यात अवघड आहे. जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, आपण काय विचारलं त्यासकट, तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा, आणि मग १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा पोलीस. रोज रात्री उजळणी घेऊ नका, मावशी-काकूंसमोर परत सांगायला लावू नका, दर उजळणीत थोडा साक्षीदार पुसला जातो. मुलाखतीची ही मोकळ्या प्रश्नांची पद्धत आता जगात बऱ्याच ठिकाणी तपास अधिकाऱ्यांना शिकवतात, आणि शिकवूनही अधूनमधून उजळणी नसेल तर तेसुद्धा परत हो-नाहीवर घसरतात, मग आजीला काय दोष द्यायचा.

तर साप. दोन दिवसांनी भाच्याला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "त्या दिवशी वर्गात काय झालं ते सांग की मला, मी नव्हतो ना." आणि गप्प बसलो. म्हणाला, बाईंनी साप आणला. मग काय झालं? मग पाटावर ठेवला. मग? मग आम्ही लाह्या खाल्ल्या. नागपंचमी होती, मातीचा नाग होता, बाईंच्या पिशवीतून आलेला. दप्तरात शिरायचं त्याला आजीनेच सुचवलं होतं.