लॅपटॉपचा आवाज बारीक झालाय? दुकानात आणण्याआधी हे करून पाहा

आवाज कमी येतो म्हणून आमच्याकडे जे लॅपटॉप येतात, त्यांतल्या बऱ्याचशांत बिघाड नसतोच. कुठलीतरी सेटिंग सरकलेली असते, नाहीतर जॅकमध्ये कचरा अडकलेला असतो. एवढ्यासाठी तुम्ही यावल-चोपड्याहून जळगावची फेरी मारावी, हे आम्हाला बरोबर वाटत नाही.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा. तोच हेडफोन मोबाइलला लावून ऐका. तिथेही आवाज कमीच असेल तर लॅपटॉपला हात लावायची गरज नाही. ब्लूटूथ हेडफोनला आवाजाची स्वतःची बटणं असतात, तीही वाढवून बघा. आणि एप्रिल-मे असेल तर कूलर मिनिटभर बंद करा. लॅपटॉपचे स्पीकर इवलेसे, त्यांचा आवाज कूलरच्या घरघरीत सहज बुडतो. बऱ्याच लॅपटॉपचे स्पीकर खालच्या बाजूला असतात, त्यामुळे गादीवर ठेवला की आवाज दबतो. टेबलावर ठेवून ऐका.

आता सेटिंग. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडा. इथे प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा असतो. एकट्या ब्राउझरचा खाली गेला असेल तर मुख्य आवाज शंभरवर असूनही व्हिडिओ हळूच वाजतो. व्हिडिओच्या खालची पट्टीही बघून घ्या.

ऑनलाइन क्लास किंवा मीटिंग चालू झाली की बाकीचे आवाज पडतात, अशी तक्रार फार येते. अशी मीटिंग म्हणजे फोनवरचा कॉलच, असं विंडोज समजते आणि बाकी सगळ्याचा आवाज ८० टक्क्यांनी उतरवते. ही सेटिंग मुळातच चालू असते. विंडोज ११ मध्ये साउंड सेटिंग्जमधून 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा, 'कम्युनिकेशन्स'वर जा आणि 'डू नथिंग' निवडा. त्याच खिडकीत स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन' दिसत असेल तर टिक करा. लेक्चर, बातम्या यांना त्याने चांगला फरक पडतो. गाण्यांची मजा मात्र जाते, तेव्हा काढून टाका. अपडेटनंतर आवाज पडला असेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर (आवाज चालवणारा छोटा प्रोग्रॅम) घेऊन टाका. आवाजासाठी कुणी फॉरमॅट मारायला सांगितलं तर लगेच हो म्हणू नका. त्यात तुमचा डेटा जाऊ शकतो, आणि बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

जॅकबद्दल जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास तंतू उडतात. ते हेडफोनच्या भोकात दबून बसतात, पिन पूर्ण आत जात नाही, मग आवाज पुसट येतो किंवा एकाच कानात येतो. लॅपटॉप बंद करून हातपंपाने हवा मारा, किंवा लाकडी टूथपिकने अलगद कचरा काढा. सेफ्टी पिन, सुई घालू नका. आतल्या नाजूक पट्ट्या वाकतात, मग हेडफोन काढला तरी लॅपटॉपला तो लावलेलाच वाटतो आणि स्पीकर गप्प बसतात. तेल, स्प्रे, पाणी काहीच सोडू नका. लॅपटॉप कूलरच्या ओल्या झोताच्या तोंडावरही नको.

आवाज शंभर टक्क्यांच्या वर नेणारे बूस्टर प्रोग्रॅम आम्ही लॅपटॉपमध्ये बसवून देत नाही. कमी आवाजात रेकॉर्ड झालेल्या एखाद्या व्हिडिओपुरतं ठीक, पण रोज तसं वाजवलं तर आवाज फाटतो आणि छोट्या स्पीकरची कॉइल तापून जळू शकते. हेडफोनवर तर कानांचाच प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा, मुलांनी त्याहून कमी.

निम्म्या आवाजावरही खरखर येत असेल, सेटिंगमधला डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स बरोबर असून एक बाजू बंद असेल किंवा पाणी सांडलं असेल, तर घरी उघडू नका. पाणी सांडल्यावर चालू करून बघायचंही टाळा. आमच्याकडे येताना चार्जर आणि तुमचा नेहमीचा हेडफोन सोबत आणा. तपासणी तुमच्यासमोर करू आणि खर्च आधी सांगूनच कामाला हात घालू.