पार्श्वभूमी : आवडीनिवडीची मोजदाद

१७०८ साली रॉजे द पील या फ्रेंच कलाविवेचकाने चित्रकलेच्या तत्त्वांवर ग्रंथ काढला आणि त्याला एक तक्ता जोडला. त्यात पन्नासहून अधिक चित्रकार होते आणि प्रत्येकाला चार रकान्यांत गुण होते : रचना, रेखाटन, रंग, भाव. गुण २० पैकी द्यायचे, पण २० कुणालाच मिळालेले नाहीत. ते निखळ परिपूर्णतेसाठी राखून ठेवलेले. १९ म्हणजे आपल्याला कल्पना करता येते, पण अजून कुणी गाठलेली नाही अशी पातळी. त्यामुळे तक्ता प्रत्यक्षात १८ वर थांबतो. राफाएलला अनुक्रमे १७, १८, १२, १८. रुबेन्सला १८, १३, १७, १७. मायकेलअँजेलोला रंगात ४, रेम्ब्रांटला रेखाटनात ६ आणि काराव्हाज्जोला भावात चक्क शून्य!

बेरीज करून पाहिली तर राफाएल ६५ आणि रुबेन्सही ६५. हा योगायोग मानायचं कारण नाही. त्या काळी फ्रेंच अकादमीत रेखाटन श्रेष्ठ की रंग, यावर मोठं भांडण जुंपलं होतं. रेखाटनवाले पुसँ या फ्रेंच चित्रकाराकडे बोट दाखवत, रंगवाले रुबेन्सकडे. आणि द पील रंगवाल्यांचा म्होरक्या. रंगाचा रकाना झाकून बेरीज केली, तर राफाएल ५३ आणि रुबेन्स ४८. म्हणजे बरोबरी साधली ती एका रकान्याने. द पीलने गुण देताना लबाडी केली असं म्हणायची गरजच नाही, रकाने आखतानाच निम्मा निकाल लागला होता. पुढच्या तीनशे वर्षांत आवडनिवड मोजायच्या ज्या ज्या पद्धती निघाल्या, त्या तपासताना हा झाकलेला रकाना लक्षात ठेवावा.

तारे देण्याची पद्धत मूळची प्रवासी मार्गदर्शिकांची. कोणतं स्थळ चुकवू नये हे सांगायला एकोणिसाव्या शतकात त्या नावापुढे तारा छापत. चित्रपटांना तारे लावण्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये ३१ जुलै १९२८ रोजी आयरीन थायरर यांच्या समीक्षेपासून झाली, असं मानलं जातं. तेव्हा कमाल तारे तीनच. तीन म्हणजे उत्कृष्ट, दोन म्हणजे चांगला, एक म्हणजे सुमार, आणि एकही तारा नसला की सिनेमा वाईट. गोची शेवटच्या खुणेत आहे. ‘तारा नाही’ म्हणजे वाईट, की मत दिलंच नाही? शिवाय ‘सुमार’ आणि ‘चांगला’ यांच्यामधलं काही सांगायचं तर जागाच नाही. पुढे अर्धे तारे आले, चार-पाच ताऱ्यांच्या मोजपट्ट्या आल्या, त्या या अडचणींवरच्या डागडुज्या होत्या.

एका समीक्षकाचं मत सोडून अनेकांची मतं एकत्र करायची म्हटलं की खरी गुंतागुंत सुरू होते. ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ या चित्रपटविषयक नियतकालिकाने १९५२ मध्ये ८५ समीक्षकांना प्रत्येकी दहा सर्वोत्तम चित्रपट विचारले. ६३ जणांनी उत्तर दिलं आणि ‘बायसिकल थीव्ह्ज’ २५ मतांनी पहिला आला. हा कौल तेव्हापासून दर दहा वर्षांनी घेतला जातो. यात यादीतला क्रम धरत नाहीत. पहिल्या जागी लिहा की दहाव्या, मत एकच. ऐकायला न्याय्य वाटतं, पण आकडे घालून पाहा. समजा २० मतदार आहेत. ‘अ’ हा सिनेमा ६ जणांच्या यादीत पहिला आहे, बाकीच्यांच्या यादीत नाहीच. ‘ब’ १२ जणांच्या यादीत आहे, पण सगळीकडे आठवा. एक यादी एक मत धरलं तर ‘ब’ १२-६ ने जिंकतो. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, दहाव्याला १ अशी उतरंड लावली तर ‘अ’ला ६० आणि ‘ब’ला ३६. मतदार आणि याद्या त्याच, विजेता मात्र बदलला. ही उतरंडीची पद्धत झां-शार्ल द बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाने १७७० मध्येच निवडणुकीसाठी मांडली होती.

दुसरी खोच म्हणजे ‘एक’ कशाला म्हणायचं. २००२ च्या कौलात ‘गॉडफादर’चे पहिले दोन भाग एकत्र मोजले गेले आणि जोडीला चौथा क्रमांक मिळाला. २०१२ मध्ये नियम बदलून भाग वेगळे मोजले, तर दोघांपैकी एकही पहिल्या दहांत राहिला नाही. दहा वर्षांत सिनेमा तर बदलला नव्हता. ज्या दिग्दर्शकाचे सात-आठ सिनेमे तोडीस तोड असतात, त्याचंही मत असंच फुटतं. एकच थोर सिनेमा करणारा सुखात राहतो.

संगीतात मत विचारण्याऐवजी खप मोजायचा रस्ता निघाला. लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ने १४ नोव्हेंबर १९५२ ला पहिली यादी छापली. त्यासाठी पर्सी डिकिन्स यांनी विसेक दुकानांना फोन करून जास्त खपलेल्या तबकड्या विचारल्या. यादी ‘पहिल्या बारां’ची, पण तीन ठिकाणी बरोबरी झाल्याने गाणी भरली १५. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेची पायदानं मात्र पुढे निव्वळ खपावर ठरली नाहीत. दुकानांच्या आकड्यांच्या जोडीला श्रोता संघांची पत्रंही धरली जात. विकत घेणारे थोडे आणि ऐकणारे असंख्य असले, तर एवढं करावंच लागतं.

दुकानदाराला विचारण्यात एक दोष असतो : त्याला जे लक्षात राहतं आणि जे खपावंसं वाटतं, तेच तो सांगतो. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ने मे १९९१ मध्ये अल्बमच्या यादीसाठी बारकोडवरून नोंदलेली विक्री वापरायला सुरुवात केली, तेव्हा कंट्री आणि रॅप एकदम वर सरकले. लोक ते आधीही घेत होते, गल्ल्यावरच्या माणसाच्या सांगण्यात ते येत नव्हतं, इतकंच.

कॉमिक्समध्ये मोजदादीचा परिणाम थेट चित्राच्या चौकटीपर्यंत पोचला. १९६८ मध्ये निघालेल्या जपानच्या ‘शोनेन जंप’मध्ये वाचकांसाठी पोस्टकार्ड असतं, त्या अंकातल्या आवडत्या तीन मालिका कळवायच्या. सतत तळाशी राहिलेली मालिका काही आठवड्यांत गुंडाळतात. पण कार्ड मोजतं ते त्या आठवड्याचं प्रकरण, अख्खी कथा नव्हे. संथ पायाभरणी करणारी गोष्ट इथे मार खाते, म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या पानावर उत्कंठा टांगून ठेवायची सवय चित्रकारांना लागते. गोडी लागली तर हेच तंत्र व्यसन लावतं, हेही खरं.

इंटरनेटवर मतांचा पूर आला आणि उलटा प्रश्न उभा राहिला : थोडी मतं फसवतात. दहा चाहत्यांनी ९ गुण दिले म्हणून सिनेमा अव्वल ठरू नये, यासाठी आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळाच्या सर्वोत्तम अडीचशेच्या यादीत सरासरीला सर्वसाधारण सरासरीकडे ओढतात. समजा सर्व सिनेमांची सरासरी ६.५ आहे आणि प्रत्येकाच्या खात्यात आधीच तेवढ्या गुणांची ५०० काल्पनिक मतं घातली. मग १० मतांचा ९ गुणांचा सिनेमा ६.५५ वर येतो, तर ५,००० मतांचा ८ गुणांचा ७.८६ वर टिकतो. ‘रॉटन टोमॅटोज’ची टक्केवारी वेगळंच सांगते : किती समीक्षकांना सिनेमा पटला, किती पटला ते नव्हे. सगळ्यांना जेमतेम आवडलेला सिनेमाही १०० टक्के मिळवतो. तो आकडा दहापैकी गुण म्हणून वाचणं ही आजही सर्रास होणारी चूक.

नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये पाच तारे काढून वर-खाली अंगठा आणला. प्रेक्षक गंभीर माहितीपटाला पाच तारे देत, हलक्याफुलक्या सिनेमाला तीन, आणि बघत मात्र तोच हलका सिनेमा. तारे देताना माणूस परीक्षक होतो, अंगठा देताना नुसता प्रेक्षक राहतो. चाचणीत अंगठ्याला २०० टक्के अधिक प्रतिसाद मिळाला, पण ‘बरा वाटला’ आणि ‘जीव जडला’ यांतला फरक त्यात पुसला गेला. २०२२ मध्ये त्यांना दोन अंगठ्यांचं तिसरं बटण जोडावं लागलं.